संपतं किती वाजता?

आमच्या घरात नाटकाची जाहिरात वाचायची एक रीत होती. रविवारच्या पेपरात आतल्या पानावर त्या छोट्या चौकटी दाटीवाटीनं बसलेल्या असायच्या. बाबा नाटककाराचं नाव वाचायचे, मी कलाकारांची, आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "संपतं किती वाजता?" आता जाहिरातीत सुरू व्हायची वेळ छापतात, संपायची कोण छापतो? बाबा अंदाजानं ठोकून द्यायचे. तीन अंकी असेल तर पावणेबारा, दोन अंकी असेल तर अकरा. मग आई मनातल्या मनात दादर ते डोंबिवली हिशोब मांडायची आणि तिचा होकार किंवा नकार कुकरच्या शिट्टीबरोबर बाहेर यायचा.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या ऑफिसात नागपूरहून नवीन आलेली एक मुलगी. चोवीस-पंचवीसची असेल. परवा डबा खाताना म्हणाली, "मॅडम, मुंबईत रात्री जाण्यासारख्या जागा सांगा ना. गाणं, नाटक, काहीही. लाइव्ह." मी उत्साहानं सांगायला लागले. पाचव्या जागेपाशी तिनं मला थांबवलं. "तुम्ही प्रत्येक जागेचं तिथून कसं परत यायचं तेच सांगताय."

खरंच की. मी शिवाजी मंदिर सांगताना नाटक सांगितलंच नव्हतं, दादरचा पूल सांगितला होता.

तर आधी शिवाजी मंदिरच. प्लाझा सिनेमाच्या समोर, १९६५ साली उघडलेलं. मराठी नाटकाची खरी परीक्षा इथे होते असं नाटकवाले मानतात, आणि बटाटेवड्याचीही. मध्यंतरात वड्यापाशी जी रेटारेटी होते ती पाहून बाहेरच्या माणसाला वाटेल, इथे काहीतरी फुकट वाटताहेत. माझ्या लहानपणी तिकीट खिडकीवर प्लॅन असायचा. कागदावर छापलेल्या खुर्च्या आणि त्यावर पेन्सिलीनं मारलेल्या फुल्या. बाबा त्यावर नकाशावरून किल्ला निवडावा तसे वाकायचे. त्यांची पसंती कायम एकच: मधल्या वाटेच्या कडेची, मागून चौथी-पाचवी रांग. मला तेव्हा राग यायचा, पुढे रिकाम्या असताना मागे कशाला? पुढे कळलं, ती ऐकण्यासाठी निवडलेली जागा नव्हतीच, ती उठण्यासाठी निवडलेली होती.

शिवाजी मंदिरात रात्रीच्या प्रयोगाला एक आवाज ऐकू येतो, तो दुपारच्या प्रयोगाला येत नाही. नाटक शेवटाकडे आलेलं असतं, नायिका काहीतरी कबूल करायच्या बेतात असते, आणि मागच्या रांगांतून खट्, खट्खट् सुरू होतं. माणूस उठला की खुर्चीची बैठक आपोआप वर जाते, तिचा तो आवाज. हे कसारावाले, कर्जतवाले, विरारवाले. नाटक आवडलं नाही म्हणून नव्हे, गाडी आहे म्हणून उठलेले. वाकून, छत्री-पिशवी पोटाशी धरून, "सॉरी हं, सॉरी" करत अंधारातून सरकणारे. मुरलेल्या नटांना हा आवाज ओळखता येत असणार. एखादा ज्येष्ठ नट नेमका तेव्हा थांबा घेतो, खट्खट् सरू देतो आणि मग वाक्य टाकतो. मी असे कितीतरी शेवट अर्ध्या वाटेत उभं राहून, मान मागे वळवून ऐकलेत. शेवट ऐकला, पण नमस्कार पाहिला नाही. पडदा पुन्हा उघडतो, सगळे ओळीनं उभे राहतात, दिग्दर्शकाचं नाव घेतात. हे सगळं मला बरीच वर्षं केवळ ऐकीव माहीत होतं.

माझा आपला एक अडाणी सिद्धान्त आहे. एकेकाळी संगीत नाटकं पाच-पाच अंकी असायची, रात्र सरेपर्यंत चालायची, एकेका पदाला चार-चार वन्स मोअर मिळायचे. पुढे तीन अंक झाले, मग दोन. अभ्यासक याची कारणं पाश्चात्त्य नाटकाच्या प्रभावात शोधतात. असेल तसंही. पण कात्री धरणाऱ्या हातांपैकी एक हात रेल्वेच्या टाइमटेबलचा होता, असं मला डोंबिवलीकर म्हणून ठामपणे वाटतं.

एकदाच ठरवलं, नमस्कार पाहायचा. १९९४ साल असेल, मला नोकरी लागून वर्षभर झालं होतं. मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण. नाटक असं काही रंगलं की उठणं पाप वाटलं. बसलो. पडदा पडला, उघडला, सगळे ओळीनं उभे राहिले. टाळ्या वाजवून हात लाल झाले. आणि मग धावलो. तेव्हा आम्ही पावसाळी चपला घालायचो, पळताना त्या मागच्या मागे चिखल उडवायच्या. पूल चढलो, उतरलो, आणि शेवटच्या गाडीचा लाल दिवा लांब जाताना पाहिला. त्या दिव्याइतकं शांत मी नंतर काही पाहिलेलं नाही.

मोबाइल नव्हते. पीसीओवरून शेजारच्या काकांकडे फोन केला. मध्यरात्री फोन वाजला म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून त्यांनी तो उचलला. "काका, आईला सांगा, गाडी चुकली, आम्ही दोघी स्टेशनवरच आहोत." मग बायकांच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसलो. तिथे एक झाडूवाली बाई पाय पसरून बसली होती. तिनं आमच्याकडे नीट पाहून घेतलं. कपडे, पर्स, चपलांचा चिखल. "नाटक?" तिनं विचारलं. आम्ही हो म्हटलं. "मंग बसा," ती म्हणाली, जणू सिनेमा असता तर हाकलून दिलं असतं.

साडेतीनच्या सुमाराला तीच म्हणाली, फुलवाले आले, जाऊन बघा जरा, झोप उडेल. स्टेशनाच्या पश्चिमेला उतरलो. दादरचा फुलबाजार मी दिवसा शेकडो वेळा ओलांडला होता, पण तो सुरू होताना पाहायची ती पहिलीच वेळ. ओल्या गोणपाटातले झेंडू, पाटीवर कापड झाकलेली मोगऱ्याची कळी, पानांत बांधलेले चाफे, आणि वसई-पालघरकडून आलेल्या बायका. डोक्यावरून टोपल्या उतरवताहेत, भाव करताहेत, एकीकडे चहा पिताहेत, मोठमोठ्यानं हसताहेत. पहाटे चारला! आम्ही दोघी रात्रभर जीव मुठीत धरून बसलो होतो आणि या बायकांची ती कामाची वेळ होती. आमच्या रात्रीत त्यांची सकाळ कधीच सुरू झालेली होती. मैत्रिणीनं एक रुपयाचा गजरा घेतला. पहिल्या गाडीनं घरी गेलो. आईनं दार उघडलं, काही बोलली नाही. चहा टाकला आणि पाठमोरीच म्हणाली, "एवढं चांगलं होतं?"

जुहूचं पृथ्वी थिएटर मात्र माझ्या आयुष्यात उशिरा आलं, आणि ते त्याच्या दारासकट आलं. पृथ्वीराज कपूरांची पृथ्वी थिएटर्स ही फिरती नाटक कंपनी १९४४ ते १९६० पर्यंत गावोगाव हिंडली. तिला स्वतःचं घर मिळालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ५ नोव्हेंबर १९७८ ला हे नाट्यगृह उघडलं आणि पहिला प्रयोग होता गो. पु. देशपांडे यांच्या मराठी नाटकाचा, हिंदीतून. ही गोष्ट मी पृथ्वीच्या कट्ट्यावर बसलेल्या इंग्रजाळलेल्या पोरांना आवर्जून सांगते. त्यांना फरक पडत नाही, मला पडतो.

जेमतेम दोनशे खुर्च्या. वेद सेगन या वास्तुरचनाकारानं रंगमंच असा आत ढकललाय की प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. पहिल्या रांगेतल्या माणसानं पाय लांब केले तर ते नाटकात जातील. तिथे मी नटीच्या कपाळावरचा घामाचा थेंब भुवईपर्यंत येऊन थांबलेला पाहिलाय. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती पत्र वाचत होती, आणि तो थेंब पडेल की नाही याकडे आम्ही पंचवीस-तीस माणसं श्वास रोखून पाहत होतो. हे शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत होत नाही. तिथला नट आवाज घेऊन तुमच्यापर्यंत येतो. इथे तुम्ही त्याच्या खोलीत शिरलेले असता.

आणि दार. वेळ झाली की ते बंद होतं, मग तुम्ही कोणीही असा. मी एकदा चार मिनिटं उशिरा पोचले. विलेपार्ल्याहून रिक्षा, सिग्नल, पाऊस, सगळी कारणं तयार होती. दारावरचा पोरगा हात जोडून हसला. मी अंगणातल्या कॅफेत सुलेमानी चहा घेऊन दीड तास बसले आणि भिंतीपलीकडून येणारे हशे मोजले. चिडले होते, पण मनातून पटलंही होतं. आमच्याकडच्या नाट्यगृहांत पहिला प्रवेश अर्धा संपेपर्यंत लोक मोबाइलचा उजेड पाडत आपला नंबर शोधत असतात.

पृथ्वीचा नऊचा प्रयोग माझ्यासाठी बरीच वर्षं बंदच होता. जुहू, मग पार्ले, मग दादर, मग पूल, मग डोंबिवली. त्या साखळीतली एक कडी निसटली की संपलं. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा पेपरांत तिकिटाच्या दरावरून वाद चालला होता. मी मात्र कॅलेंडर काढून नाटकांच्या तारखा पाहत बसले होते. अंधेरी ते घाटकोपर पंधरा-वीस मिनिटांत, आणि घाटकोपरला सेंट्रलची गाडी! चाळिशी उलटल्यावर मला पृथ्वीच्या रात्रीच्या प्रयोगाचा शेवट दिसला. एखाद्या शहराची रात्र कोणी मोठी केली असं विचारलं, तर लोक हॉटेलवाल्यांची नावं घेतील. मी त्या निळ्या-पांढऱ्या डब्यांचं घेईन.

एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, हे त्या मानानं शहाणं मूल. नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवर. कार्यक्रम साडेसहा-सातला सुरू, नऊच्या आसपास संपतो, बस पकडून सीएसएमटी, खिडकीची जागासुद्धा मिळते. टाटा थिएटर १९८० साली उघडलं, आराखडा अमेरिकन वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सनचा. त्याची खासियत अशी की माइकशिवायचा आवाज मागच्या रांगेपर्यंत नीट जावा म्हणून ते बांधलंय. तिथे एकदा सारंगी ऐकली. वादक नखाच्या मुळानं तार दाबत होता आणि गज फिरायच्या आधीचा तो बारीकसा, कोरडा स्पर्शही ऐकू येत होता. त्यानंतर लग्नाच्या हॉलमधली सारंगी ऐकवेना. एनसीपीएबद्दल माझी तक्रार एवढीच की तिथे खोकायची भीती वाटते.

रॉयल ऑपेरा हाऊसला मी दोनदाच गेले. १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली, बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ यांचे सूर ऐकलेली ती वास्तू. पुढे तिथे सिनेमे लागले आणि १९९३ ला ते बंद पडलं. आमच्या पिढीला ते फक्त बसस्टॉपचं नाव म्हणून माहीत. २०१६ ला डागडुजी होऊन उघडलं तेव्हा गेले. सोनेरी नक्षी, झुंबरं, लाल मखमल. मी सगळा वेळ छताकडेच पाहत होते. कार्यक्रम काय होता ते आज सांगता येणार नाही.

माझ्या आधीची एक मुंबई मला ऑफिसातल्या एका सहकारणीकडून कळली. ती धोबी तलावची, मूळ गोव्याची. तिचे वडील सॅक्सोफोन वाजवायचे. दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, रात्री चर्चगेट स्ट्रीटवरच्या हॉटेलात. हे तिच्या घरचंच वैशिष्ट्य नव्हे. गोव्याच्या वादकांची एक अख्खी पिढी अशी दोन पाळ्यांत जगली. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा अमेरिकन कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमध्ये आला, त्यानंतर मुंबईला जॅझचं वेड लागलं, आणि ते वेड पुढे वाहिलं गोवेकरांनी. अंतोनियो शाविएर वाझ, ज्यांना जग चिक चॉकलेट म्हणायचं, त्यांच्या ट्रम्पेटवर ताजमधले साहेब-मेमसाहेब नाचले. अस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिस नाइटक्लबमध्ये वादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना गाजले. नोट्स वाचता येणारे वादक म्हणजे हेच, त्यामुळे हिंदी सिनेमातलं व्हायोलिन आणि ब्रासही यांचंच.

सहकारणीला मी विचारलं, मग तुझी आई जायची का ऐकायला? ती हसली. म्हणाली, रात्री नाही, दिवसाच्या जॅम सेशनला. तरुण पोरापोरींसाठी तेच बॅण्ड दिवसा वाजवायचे, सोबत कॉफी. "डॅडींना रात्रीचं वाजवताना मम्मीनं कधी पाहिलंच नाही." नवऱ्याची रात्र तिला दिवसाउजेडी, कॉफीबरोबर मिळायची. याच धोबी तलावच्या आसपासच्या गोवेकरांनी तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं कोंकणी नाटक, वाढवलं. पहिलं तियात्र १७ एप्रिल १८९२ ला झालं ते गोव्यात नव्हे, मुंबईतच, न्यू आल्फ्रेड थिएटरात. सहकारणीनं मला एकदा नेलं होतं. कोंकणी बरीचशी कळते आपल्याला. नाटक मध्येच थांबतं, एक जण पडद्यासमोर येऊन पुढाऱ्यांची सालं काढणारं कांतार, म्हणजे गाणं, म्हणतो, बॅण्ड धडाक्यात वाजतो, नाटक पुन्हा सुरू. बायका, पोरं, म्हातारे, सगळं कुटुंब हजर. परतीची चिंता कोणालाच नाही, कारण अर्धा वाडा सोबत आलेला.

दिवसाउजेडी मिळालेली रात्र मीही पाहिली आहे. पुण्यात, बालगंधर्व रंगमंदिरात.

माझी मोठी बहीण पुण्याला असते. तिच्या भिशीच्या बायकांनी लावणीच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली होती. जाहिरातीत ठळक अक्षरांत "खास महिलांसाठी" आणि वेळ दुपारची साडेबारा. मी बहिणीला म्हटलं, लावणी काय दुपारी पाहायची गोष्ट आहे? ती म्हणाली, "साडेचारला नळ येतात, पाचला नातू शाळेतून. दुपारी नाही तर कधी?" आईच्या प्रश्नाचं उत्तर कोणीतरी चोख देऊन ठेवलं होतं.

बालगंधर्वचं भूमिपूजन खुद्द नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्याच हस्ते झालेलं, १९६२ मध्ये. नाट्यगृह उघडलं २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, पण ते पाहायला ते राहिले नाहीत. आदल्याच वर्षी गेले. उभारणीत पु. ल. देशपांडे यांचं लक्ष होतं. ज्या पुरुषाच्या साड्या, केशरचना आणि शालू नेसायची ढब पाहून त्या काळच्या घरंदाज बायका तशाच नटू लागल्या, त्याच्या नावाचं हे थिएटर. त्या दुपारी मात्र आवारात पुरुष औषधालाही नव्हता. नाही म्हणायला दारावरचा एक बिचारा, तिकिटं फाडणारा, आणि तो खाली मान घालून फाडत होता.

आत काय आवाज! डब्यांची झाकणं, बांगड्या, "अगं इकडे, इकडे धरलीय जागा". तिसरी घंटा कोणी ऐकलीच नाही. मग ढोलकीवर थाप पडली. आधी एकच, मग बोटांची सर, आणि पडदा. नऊवारीतल्या सहा जणी, पाठमोऱ्या. पायातले चाळ एकदम वाजले आणि माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की माझे कान बधिर झाले. मी वळून पाहिलं. काठापदराचं लुगडं, नाकात नथ, मांडीवर स्टीलचा डबा. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि म्हणाल्या, "लहानपणी गुरं राखायचे. तेव्हाची आहे. लग्नानंतर आज वाजवली."

मग ते सभागृह उठलंच. खुर्च्यांवर उभ्या राहिलेल्या बायका, रुमाल फिरवणाऱ्या, वाटेत नाचणाऱ्या. नर्तकी खाली आल्या आणि हाताला धरून एकेकीला वर घेऊन गेल्या. माझी बहीण, जिला वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय, ती गेली आणि वाकली. मी लाजत होते. पुरुषांच्या शिट्ट्यांनी भरलेल्या लावणीबद्दल इतकं वाचलेलं, की ही शिट्टी कुठल्या खान्यात टाकावी कळेना. फेटे उडवणारी नजर इथे नव्हती. म्हणजे नजर होती, पण ती वर नाचणाऱ्या बाईला विकत घेऊ पाहणारी नव्हती. तिच्या जागी जाऊ पाहणारी होती.

उत्तरार्धात एक वयस्क गायिका आली. नाचली नाही. बसली. पेटी, ढोलकीच्या जागी तबला. बैठकीची लावणी. एकच ओळ तिनं सात-आठ वेळा म्हटली असेल, आणि दर वेळी फक्त चेहरा आणि उजव्या हाताची बोटं वेगळी. एकदा रुसवा, एकदा थट्टा, एकदा सरळ आमंत्रण, आणि एकदा इतका थकवा की आजींनी डब्यावरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला. मघाशी घर डोक्यावर घेणारं सभागृह गप्प होतं. तीन वाजता बाहेर पडलो तेव्हा लख्ख ऊन होतं. डोळे दिपले. बायका पर्समधून चष्मे काढत, पदर सारखे करत रिक्षा शोधायला लागल्या.

त्या गायिकेबद्दल बहिणीकडे चौकशी केली, तर कळलं की ती संगीतबारीतली. गणेश पेठेतल्या आर्यभूषण थिएटरात, सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याच्या कला केंद्रांत अशा पार्ट्या असतात. प्रत्येकीची मालकीण, वाजवणारे, नाचणाऱ्या, आणि क्रमानं येणारी त्यांची बारी. आर्यभूषणला मी नंतर एका रात्री गेले, नवरा आणि त्याचे दोन मित्र सोबत असताना. कला तीच, कदाचित जास्त अस्सल. पण प्रेक्षकांत मी एकटी बाई, आणि रंगमंचापेक्षा माझ्याकडेच जास्त माना वळत होत्या. मला ती रात्र नीट पाहताच आली नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे: तमाशा चालू असताना कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ती गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. तिला त्या रात्री घरी जा म्हणणारं कोणी नव्हतं, हे सांगत नाही.

आता एक उलटी गोष्ट. अकराला संपणाऱ्या नाटकावर ठाम नकार देणारी माझी आई, रात्रभर चालणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला मात्र आनंदानं पाठवायची. फक्त बहिणीबरोबर. कारण साधं होतं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव तेव्हा रात्रभर चालायचा. संपायचा तेव्हा उजाडलेलं असायचं, बस सुरू झालेल्या असायच्या, दूधवाले फिरत असायचे. संकट रात्रीचं नव्हतंच. संकट होतं ते मध्यरात्री घराबाहेर पडण्याचं. कोकणातला दशावतारही तसाच. मामाच्या गावाला, कुडाळजवळ, जत्रेत पालखी फिरून आली की नाटक उभं राहायचं आणि दहीहंडी फुटायची तेव्हा पूर्व पांढरी झालेली असायची. आज्या, माम्या, तान्ही पोरं, सगळी गोधडी घेऊन हजर. पोरं झोपायची, राक्षस आला की दचकून उठायची, पुन्हा झोपायची. सकाळी खाज्याची पुडी घेऊन घरी.

सवाईला रमणबागेत आम्ही शाल, थर्मास आणि वर्तमानपत्रं घेऊन बसायचो. वर्तमानपत्रं वाचायला नाही, बुडाखाली. दोन-अडीचला थंडी अंगात शिरायची, अर्धा मांडव पेंगायचा, आणि कोणीतरी मालकंस असा लावायचा की पेंगणारा माणूस डोळे न उघडता "वा" म्हणायचा. मग पहाटेकडे ललत. तो राग मी रेडिओवर पुष्कळ ऐकलाय, सकाळी भाजी चिरताना. पण रात्रभर जागलेल्या अंगावर, तंबूच्या फटीतून आभाळ राखाडी होत असताना आलेला ललत म्हणजे ललत.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवर शिक्कामोर्तब केलं. सवाईही दहाला संपायला लागला. एखाद्या दिवशी बारापर्यंत सूट. नियम चुकीचा असं मी म्हणणार नाही. आमच्या सोसायटीमागच्या मंगल कार्यालयानं जे काही सोसायला लावलंय, त्यानंतर मी तसं कुठल्या तोंडानं म्हणू? पण रागांचं घड्याळ त्या नियमाला ठाऊक नव्हतं. उत्तररात्रीचे राग मैफलीतून हळूहळू हद्दपार झाले. आणि पहाटे बसनं घरी येणाऱ्या मुली आता साडेदहाला रिक्षाशी हुज्जत घालतात.

नव्या मुंबईबद्दल मी फार बोलू नये. गिरण्यांच्या आवारांत आता बार आहेत, स्टँडअप आहे, मोठ्या आवाजातलं संगीत आहे. २०२० च्या जानेवारीत दुकानं-हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली, तोवर मला साडेदहाला झोप यायला लागली होती. माझी मुलगी जाते. एकदा तिच्याबरोबर मराठी स्टँडअपला गेले. पोरगं चांगलं होतं, पण शिव्या इतक्या एकसुरी की कंटाळा आला. शिवीलाही चाल असते, हे आमच्या भारुडाला कळत होतं. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल्समध्ये आग लागली. चौदा जण गेले, त्यात बहुतेक बायका. तेव्हापासून आईच्या प्रश्नाला मी माझा एक जोडलाय. कुठल्याही जागी शिरले की आधी बाहेर पडायचं दार बघते. मुलगी वैतागते. मी तरीही बघते.

ऑफिसातल्या त्या मुलीला मी शेवटी एक यादी लिहून दिली. जागा, वेळ, गाडी. तिनं ती फोनमध्ये टिपून घेतली आणि कागद मला परत केला.

गेल्या महिन्यात दादरहून नाटक पाहून परत येत होते. बाराच्या आसपासची कर्जत, बायकांचा डबा, दारापाशी पोलीस, आत आम्ही सात-आठ जणी. ठाण्याला एक मुलगी चढली, खांद्यावर भली मोठी पिशवी. गडकरी रंगायतनला प्रयोग असावा. तोंड धुतलेलं, पण कानामागे आणि केसांच्या कडेला रंग राहिला होता, आणि एका पापणीला अजून काजळाची जाड रेघ. माझ्यासमोर बसली. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली, ओढणीच्या टोकाला लावून कानामागचं पुसलं. मग डोकं खिडकीला टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"काकू, बदलापूरला उठवाल?"

"मी डोंबिवलीला उतरते गं."

ती क्षणभर गोंधळली. माझ्या पलीकडे एक नर्स बसली होती, पांढऱ्या बुटांवरून ओळखू आली. ती म्हणाली, "मी अंबरनाथपर्यंत आहे. पुढचं एकच स्टेशन." दाराजवळून कोणीतरी म्हणालं, "मी वांगणीला जातेय. झोप तू."

ती झोपली, कळवा यायच्या आत. डोंबिवलीला उतरताना मी नर्सकडे पाहिलं, तिनं मान हलवली.